डावी पाकळी

त्याला बसता येत नसे. माझ्या ओट्यावरच्या खोलीत तो भाड्याने राहिला तेवढ्या काळात मी त्याला मांडी घालून सरळ बसलेला पाहिला नाही. चहा उभ्याने. पेज उभ्याने, ताटली जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, कठड्यावर ठेवून. बाकावर टेकलाच तर एक पाय असा हलवायचा की खाली झोपलेली मांजर उठून जायची. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर टाकून अंगणात जायचा आणि उरलेलं वाक्य तिथून ओरडून सांगायचा. सुरुवातीला मला वाटलं, याच्या पोटात जंत असणार. मी वावडिंग उकळून दिलं. "बरं हाय की ओ अक्का, गरम हाय," म्हणत प्यायला. फरक काही पडला नाही.

तो बेळगावकडचा. धारगळला हमरस्त्याला लागून त्याचं फोटोचं दुकान होतं. शाळेच्या मुलांचे फोटो, पासपोर्टचे फोटो, लग्नं. आमचं घर तिथून आत, वाडीवर. माझा नवरा वारल्यावर मी भावोजींच्या चुलीतून वेगळी निघाले होते. भावोजी म्हणजे माझे थोरले दीर. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या चुलीवर जेवायचं म्हणजे कांदा चिरायलासुद्धा विचारावं लागायचं. वेगळं राहायचं तर हातात काहीतरी यायला हवं. काजूच्या दिवसांत काजू होते, पण पावसाळ्यात काय? म्हणून ओट्यावरची खोली दिली. त्या खोलीच्या भाड्यावर माझी चूल पेटत होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं.

दुकानातला धंदा तो पोटासाठी करायचा. जीव होता किड्यांत. किडे, कोळी, फुलातली केसरं, सुकत घातलेल्या बांगड्याच्या डोळ्यावर बसलेली माशी. डोळ्याला दिसत नाही इतकं बारीक काही असलं की त्याला ते हवं असायचं. आणि गंमत अशी, की कॅमेरा डोळ्याला लावला की त्याचा तो पाय थांबायचा. श्वाससुद्धा थांबायचा. घरात एकदम शांत झालं की मी समजायचे, कुठेतरी कोळी सापडलाय.

एकदा पावसात मी तांदूळ काढायला डब्यात हात घातला, तर हाताला गार, गोल, गुळगुळीत असं काही लागलं. मला वाटलं बेडूक. मी डबा टाकून ओरडले. तो धावत आला. बेडूक नव्हता, त्याची लेन्स होती, फडक्यात गुंडाळलेली.

"तांदळात कित्याक घातलात ही?"

"बुरशी येतीय ओ काचंला. तांदूळ वल वढून घेतोय. तुमच्या ह्या गोव्यात पावसात माणसालाबी बुरशी येतीय, काच कुठली टिकतीय?"

"मग तुमी बसा तांदळात. माझ्या डब्यात काचा घालू नकात."

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःचा डबा आणला, तांदूळ भाजून त्यात भरले आणि लेन्सा त्यात ठेवल्या. तो डबा माझ्याच चुलीच्या फळीवर असायचा, कारण तिथे ऊब. कोंबडीसारख्या उबवत ठेवल्या होत्या.

लेन्सा तीन. एक साधी, माणसांसाठी. तीच तो उलटीही लावायचा. तोंड कॅमेऱ्यात आणि बूड बाहेर. मी हसले तर म्हणाला, उलटी लावली की बारकं मोठं दिसतं. पण तिला किड्यापासून चार बोटांवर न्यावं लागायचं, त्यामुळे आपली सावली किड्यावर पडायची आणि किडा उडून जायचा. मग तो कानडीत शिव्या द्यायचा. मला कानडी येत नाही, पण शिव्या कळतात. दुसरी मधली होती, तिच्यामागे पोकळ नळ्या जोडायचा. तिसरी लांब नाकाची. ती लाजऱ्या जनावरांसाठी. "जवळचं बघायला कधी कधी लांब उभारायला लागतंय, अक्का," असं तो म्हणायचा. त्या लांब नाकाच्या लेन्सवर त्याचा इतका जीव, की तिला तो फडक्याऐवजी आपल्या नव्या बनियनमध्ये गुंडाळायचा आणि स्वतः फाटका घालायचा.

मलाही त्याने एकदा बघायला लावलं. माशी बसली होती फणसाच्या गऱ्यावर. मी कॅमेरा धरला आणि पुढची चकती फिरवायला लागले, कारण त्याला फिरवताना पाहिलं होतं.

"फिरवू नका! हितं चकती उपेगाची न्हाई. चकती एकदा ठेवायची आणि आपण हलायचं. असं, फुडं, मागं. झुल्यावर बसल्यागत. माशीचा डोळा लख्ख झाला की दाबायचं. पाय पुसट झाला तर झाला. डोळा पुसट झाला की फोटो मेला."

मी झुलले. सगळं धुकं, धुकं, आणि मग एकदम माशीचा डोळा समोर आला. बारीक जाळी विणावी तसा. जरा पुढे गेले की गेला, जरा मागे आले की गेला. तांदळाच्या पापडाच्या जाडीएवढीच जागा, तेवढ्यातच सगळं दिसणार, बाकी नाही.

"कसं हाय?" त्याने विचारलं.

"इतके डोळे आसून ही माझ्या ताकात पडता," मी म्हटलं आणि कॅमेरा परत दिला. ताक झाकायचं होतं.

माणसांकडे त्याचं लक्ष नव्हतं, ही खरी अडचण. ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते. एका बाजूला मराठी, एका बाजूला कोंकणी. मोर्चे निघायचे, रस्ते अडवायचे, सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराचे पावसुद्धा वेळेवर पोचायचे नाहीत. आमच्या पेडणे तालुक्यात मराठीवाले जास्त. घरात आम्ही जे बोलतो ते मराठी की कोंकणी, हे मी चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने कुणाला सांगावं? तर धारगळच्या रस्त्यावरून मोठा मोर्चा गेला, आणि पुढाऱ्यांनी याला फोटो काढायला बोलावलं. दोन दिवसांनी फोटो बघायला दुकानात माणसांची ही गर्दी. फोटो कसला? पाटीच्या बांबूवरून एक केसाळ सुरवंट चढत होता, त्याचा. केस न् केस दिसत होता. मागे मोर्चा होता म्हणे. पांढरं धुकं.

"आमची माणसा खंय?" एकाने विचारलं.

"हायत की. ही मागं."

त्याचं दुकान त्या दिवशी फुटायचं ते वाचलं, कारण हसू आधी कुणाला आलं ते कळलं नाही, पण सगळेच हसले.

डिचोलीतल्या लग्नात मात्र कुणी हसलं नाही. तिकडे खाणींची तांबडी धूळ. लेन्सवर बसू नये म्हणून त्याने लग्नाची लेन्स डब्यातच ठेवली आणि नळ्या लावलेलीच घेऊन गेला. आल्बममध्ये काय, तर नवरीच्या पापणीत अडकलेला अक्षतेचा एक दाणा. लाडवावरची मुंगी. भटजीच्या नखातलं कुंकू. नवऱ्याचा बाप आल्बम घेऊन आमच्या अंगणात आला आणि पानं उलटत ओरडायला लागला, "माझा तोंड खंय? तीनशे माणसा जेवली, एकाचा तोंड नाय?"

"तुमचा कान हाय की ओ," हा म्हणाला. "शेवटच्या पानावर. मोगऱ्याच्या मागं."

कान खरंच होता. पुसट.

आता वाडीवर बोलणं सुरू झालं. माझ्यासारख्या बाईच्या ओट्यावर परका पुरुष, तोही बसत नाही, सारखा अंगणात फिरतो, परसात पोटावर पडून कॅमेऱ्यातून बघतो. काय बघतो? मी न्हाणीघरात असते तेव्हा परसात काय करतो? लोकांना कसं सांगायचं, की माझ्याकडे बघायचं म्हटलं तर मला मुंगी व्हावं लागेल.

भावोजी आले. पायरीवर उभे राहूनच बोलले. "लोक काय म्हणतत ता ऐकलंस?"

"लोक माझ्या चुलीत लाकडा घालतत काय, भावोजी?"

"चुलीचा म्हणशील तर आमची चूल आसा. येतंस तर ये. भाडेकरी नको."

सरळ भांडणाचं असतं तर मी भांडले असते. पण भावोजींनी दुसरं काढलं. "माझा नको, तुझा नको. देवाक इचारूया. राखणदार सांगात ता."

याला नाही म्हणता येत नाही. आमच्या वाडीवरच्या राखणदाराच्या घुमटीत काळा पाषाण आहे. गुरव त्याच्या दोन खांद्यांवर फुलाच्या दोन पाकळ्या पाण्याने चिकटवतो, प्रश्न सांगतो, आणि मग थांबायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आमच्याकडे लग्नं यावर ठरली आहेत, विहिरी यावर खणल्या आहेत. डावी पडली असती तर मी दुसरं काही बोलले नसते. संध्याकाळी त्याची पेटी मी स्वतः रस्त्यावर ठेवली असती आणि माझी भांडी घेऊन भावोजींच्या चुलीवर गेले असते.

मी त्याला हे सगळं सांगितलं. खोली जाऊ शकते, हेही सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा पाय थांबला. मला वाटलं, घाबरला.

"पाकळी दगडावरनं सुटती कशी ओ?" त्याने विचारलं. "पाणी आधी सुकतंय का कड आधी उचलती?"

"माका काय ठावक?"

"कुणी बघितलंय का जवळनं?"

मी कपाळाला हात लावला. त्याने गुरवाला जाऊन गाठलं. फेटा बांधलेला त्याचा मोठा फोटो काढून देतो म्हणाला. गुरवाने सांगितलं, उंबऱ्याच्या आत पाय नको, बाहेरून काय ते काढ. म्हणजे लांब नाकाचीच लेन्स. तिच्यामागे त्याने नळ्याही जोडल्या.

सकाळीच सगळे जमले. भावोजी पुढे, मी बायकांत, आणि हा उंबऱ्याबाहेर पोटावर, कोपर मातीत रोवून. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान आपल्या घरात भाडेकरी ठेवलेलो आसा. तो ठेवचो तर उजवी, धाडचो तर डावी, असो निवाडो दी रे म्हाराजा!" आम्ही सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मी सगळ्यांत मोठ्याने.

मग थांबायचं. पाकळ्या पडेनात. गुरव डोळे मिटून बसला. भावोजी एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायला लागले. कुणी खोकलं, कुणी पानाची चंची काढली. माझ्या हातातली पदराची कड चुरगळून ओली झाली. मी बघत होते, पण बायका मागे उभ्या राहतात, आणि घुमटीत काळोख. पाषाण काळा, समईची ज्योत हलणारी. एकटा तो हलत नव्हता. हलत होता म्हणजे झुलत होता. जरासा पुढे, जरासा मागे. मला माहीत होतं, तो डोळा शोधतोय. कसला डोळा, ते तेव्हा कळलं नाही.

आणि लख्खकन उजेड झाला. फ्लॅशचं त्याने कुणाला सांगितलंच नव्हतं. काळोखात बघणाऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे हिरवी-पिवळी वर्तुळं. ती जाईपर्यंत पाषाणाचे दोन्ही खांदे रिकामे झाले होते.

"डावी पयली!" भावोजी ओरडले. "मी बघितलंय!"

"तुमी डोळे चोळी होतात, भावोजी," मी मागून म्हटलं.

"उजवी, उजवी," माझ्या शेजारची म्हणाली, पण ती माझीच मैत्रीण, तिचं कोण ऐकणार?

मग कुणीतरी म्हणालं, "गे, त्येणां फोटो काडलो न्हय?" आणि सगळे त्याच्याकडे वळले. तो अजून पोटावरच होता. त्याने कॅमेरा खाली केला आणि हसला.

"घावली!" म्हणाला.

"कोण?"

"मुंगी. पाकळीवर हुती ओ. मिशा सुद्धा घावल्यात."

गुरव म्हणाला, "ता सोड. तू कॅमेऱ्यातून बघत होतंस. खंयची पडली पयली?"

मी त्याच्याकडे बघून डोळे मोठे केले. एक शब्द. उजवी. तेवढा म्हटला असता तर त्याची खोली राहिली असती, माझी चूल राहिली असती, आणि कुणाला बोलायला जागा राहिली नसती.

"मी मुंगीच्या डोळ्यावर हुतो," तो म्हणाला. "पाकळ्या पडताना मला दिसल्या न्हाईत."

घरी येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. अंगणात उघडलं. "जीभ झिजली आसती काय तुमची? दोन हातांवर पाकळी, आणि म्हणे दिसली नाय!"

"पुसट हुती ओ, अक्का. पुसट दिसलेलं, दिसलं म्हणून कसं सांगू?"

या माणसाशी काय बोलायचं? तोवर माणसं अंगणात आलीच होती. फोटो बघितल्याशिवाय कुणी हलणार नव्हतं. फोटो धुवायला काळोख हवा म्हणून त्याने खोलीच्या जनेलाला गोणपाटं लावली आणि दार बंद केलं. आतून पाण्याचा आवाज येत होता. बाहेर गुरव, भावोजी आणि अर्धी वाडी. मी अंगण झाडलं. झाडलेलंच परत झाडलं. तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घातलं. भावोजी माझ्या चुलीच्या धुराड्याकडे बघत होते. सकाळपासून चूल पेटवलीच नव्हती. पेटवायची कुणाच्या हिशेबाने?

तो बाहेर आला. हातात ओला कागद, चिमट्यात धरलेला. सगळे त्यावर पडले.

मुंगी होती. आम्ही हुमलो म्हणतो ती तांबडी मुंगी, पण रेड्याएवढी. मिशा, पायाचे काटे, डोळा. डोळ्यात चमक. तिच्या पायाखाली पाकळीची एक कड, तीही लख्ख. बाकी कागदभर धुकं.

"ही खंयची पाकळी?" गुरवाने विचारलं.

"उजवी. चिकटलेली हाय अजून, बघा."

"आणि डावी?"

त्याने धुक्यावर बोट ठेवलं. "हितं कुठंतरी."

भावोजींनी कागद आडवा धरला, उलटा धरला, उन्हात धरला. "म्हणजे डावी पडलेली. नाय म्हणून दिसणा नाय."

"चिकटलेली आसली तरी धुक्यात दिसाची नाय," मी म्हटलं.

"आणि उजवी आधी पडली आसली तरी ती मुंगयेन पाडली! तो देवाचो कौलच न्हय!"

"मुंगी कोणी धाडली?" गुरव त्यांच्यावर उसळला. "तुया धाडलंस?" मग कागद हातात घेऊन त्याने तो नीट न्याहाळला आणि याच्याकडे वळून म्हणाला, "माझो फेटो खंय?"

परत कौल लावूया, असं भावोजी म्हणाले. गुरवाने कानाला हात लावले. एकाच गोष्टीसाठी देवाला दोनदा त्रास द्यायचा नसतो, ही रीत. "तुमी घरचे मोठे," तो भावोजींना म्हणाला, "तुमीच काय ता सांगा." आणि सगळे भावोजींकडे बघायला लागले.

भावोजींनी तोंड उघडलं. त्यांनी काय सांगितलं असतं ते मला माहीत होतं. त्यांच्या आधी मी बोलले.

"भावोजी, देवाक इचारूया म्हणून तुमी सांगितलात. मी मान खाली घालून इलंय. डावी पडली आसती तर आज ह्याची पेटी रस्त्यार आसती. देवान काय सांगितलान ता देवाक ठावक. आता मी इचारूची नाय, आणि तुमी सांगू नकात."

आणि आत गेले. चूल पेटवली. काडी दोनदा विझली. ओली लाकडं होती, धूर झाला, तो धुराड्यातून आणि दारातूनही बाहेर गेला. बाहेरून गुरवाचा आवाज आला, "चूल पेटली. चला." धूर बघून माणसं उठतात. जेवायची वेळ झाली असं त्यांना वाटतं. भावोजी शेवटी उठले. अंगण ओलांडून जाताना याला म्हणाले, "परसात उलथो पडान रवू नको."

तो राहिला. परसात उलथा पडूनच राहिला. लोक बोलत होते तितके बोललेच, मग त्यांना दुसरं काही मिळालं. गोवा वेगळं राज्य झालं त्या सुमाराला एका सकाळी त्याने डबा फळीवरून काढला, त्यातले तांदूळ कोंबड्यांना टाकले आणि लेन्सा पेटीत भरल्या. कुठे, विचारलं तर म्हणाला, "अक्का, आंबोलीकडं म्हणे एक बेडूक हाय, नखाएवढा, त्येला..." आणि चालू पडला. उरलेलं वाक्य त्याने अंगणातून ओरडून सांगितलं, पण रस्त्यावरून ट्रक गेला. परत आला नाही. खोलीत पुढे मास्तरीण राहिली. ती बसायची, नुसती बसायची.

मुंगीचा फोटो त्याने चौकट करून मला दिला होता. बाहेरच्या खोलीत आहे. नवीन येणारी माणसं हात जोडतात, कुठला देव म्हणून विचारतात. मी सांगते, मुंगी आहे.

भावोजी आता खूप म्हातारे झालेत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं करून घेत नाहीत. अजून चतुर्थीला, शिगम्याला येतात. आले की काठी टेकून आधी त्या फोटोपुढे उभे राहतात. जरासे पुढे होतात. जरासे मागे येतात. परत पुढे. मी पडवीतून बघत असते. कुणी शिकवलं नाही त्यांना, पण बरोबर झुलतात.

"दिसता काय?" मी विचारते.

"डावीच पडलेली," ते म्हणतात. डोळा धुक्यावरून हलत नाही.

"बरां," मी म्हणते. "चाय माझ्या चुलीवरची आसा. घेशात?"

घेतात. दोनदा मागून घेतात.